सरळ कोण बसतं

खुसपटला नोकरी लागली ती मामामुळे, आणि पुढे कित्येक वर्षं मामाला त्याचा पस्तावा होत राहिला.

मामा कमोडच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शनचा प्रमुख होता. घरात त्या वस्तूचं नाव कोणी घेत नसे. खुसपटची आई शेजारणींना सांगायची की माझा भाऊ प्लॅस्टिकच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. कोणी फारच खोदून विचारलं तर ‘घरगुती वस्तू’ एवढं पुटपुटून विषय पालटायची. मामाला मात्र कसली लाजबीज नव्हती. तो छाती पुढे काढून म्हणायचा की मंत्री असो नाहीतर हमाल, रोज सकाळी माझ्याच मालावर येऊन टेकतो, आणि टेकल्यावर दोघंही सारखेच दिसतात.

खुसपट हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या, आणि मग हिनं शांतपणे दाखवून दिलं की नवऱ्या मुलाच्या नावात एक काना जास्तीचा पडलाय. पत्रिका वाटायच्या आधी का नाही बोललीस, असं वडिलांनी दात-ओठ खात विचारलं, तर म्हणाली, आधी मला कोणी दाखवलीच नाही. त्या दिवसापासून ती खुसपट. रसायनशास्त्र घेऊन ती बेताच्या मार्कांनी पदवीधर झाली, एका शाळेत शिकवायला लागली आणि पुस्तकातल्या चुका मुख्याध्यापकांना दाखवून दाखवून वर्षाच्या आत घरी बसली. आईनं मामाच्या मागे लकडा लावला.

मामानं विचार केला आणि तिला क्वालिटी विभागात चिकटवलं. त्याचा हिशेब सरळ होता. त्या विभागात कोणी काहीच करत नसे, तेव्हा तिथे बसून ही पोरगी कोणाचं काही बिघडवू शकणार नाही.

क्वालिटी विभाग म्हणजे माल बाहेर जायच्या दारापाशी मांडलेलं एक टेबल. त्यामागे विभागाचे प्रमुख बसत. त्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणत, कारण एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात ‘पास’चा शिक्का घेऊन ते खोक्यांच्या रांगेतून फिरत आणि कपातला थेंबही न सांडता सगळी रांग पास करून परत जागेवर येत. खुसपटनं पहिल्याच दिवशी विचारलं, नापासाचा शिक्का कुठाय? शिक्केसाहेबांनी बराच वेळ आठवून पाहिलं. म्हणाले, करून घेतला होता एकदा, पण त्याची शाई वाळून गेली.

खुसपटनं स्वतः जाऊन नवा शिक्का करून आणला आणि मग कारखान्याला जी साडेसाती लागली ती विचारू नका. कुठे कडेला केसाएवढा चरा, कुठे साच्याची पुसट रेघ, कुठे पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक. हिचा शिक्का खाडकन पडायचा. दाराशी नापास सीटचा ढीग असा वाढला की ट्रकवाल्याला मागे घेताना आरशात दुसरं काही दिसेना. मामा आधी समजावून गेला, मग दटावून गेला, मग नुसताच लांबून बघून जाऊ लागला. घरी ती त्याला ‘मामा’ आणि ‘तू’ म्हणायची, कारखान्यात ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’; तोही तिथे तिला ‘तुम्ही’च म्हणे. ‘तुमचा लॉट नापास आहे, साहेब,’ असं ती इतक्या अदबीनं म्हणायची की मामाला ती शिवी वाटे.

शेवटी एका बड्या व्यापाऱ्यानं वाट बघून बघून दुसऱ्याच कारखान्याचा माल उचलला आणि मालकानं दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

मालकाची पाठ दुखायची, त्यामुळे तो सगळी कामं उभ्यानंच करी. जन्मभर लोकांच्या बसायची सोय करणाऱ्या या माणसाला बसलेला कोणी पाहिला नव्हता. त्यानं ढिगातली एक सीट मागवून घेतली, वरून बघितली, खालून बघितली आणि चरा कुठाय ते विचारलं. खुसपटनं खालच्या अंगाला बोट ठेवलं.

‘हा कोणाला दिसणार?’

‘उलटी करून बघितली की दिसतो.’

‘कमोडची सीट उलटी करून कोण बघतं?’

‘मी,’ खुसपट म्हणाली.

मामानं छताकडे बघायला सुरुवात केली. मालकानं तिला काढून टाकलं नाही. त्याला ती थोडी आवडलीही असावी. पण ती दोघं बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला की तुझ्या हातात शिक्का आहे म्हणून तू सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटतेस, त्याला क्वालिटी म्हणत नाहीत. मग काय म्हणतात हे त्यालाही ठाऊक नसल्यामुळे त्यानं तिला एका प्रशिक्षणाला पाठवलं.

तिथले सर टकले, हसतमुख आणि भयंकर चिवट होते. त्यांनी पहिल्याच तासाला तिच्या अभिमानाला टाचणी लावली. दोष तर शेजारीणही काढते, ते म्हणाले. कुठला दोष कोणाला दुखवणार आहे आणि कुठला कोणाच्या गावीही नसणार, हे ठरवता येणं म्हणजे आपला धंदा. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती ‘का’ विचारण्याची. बिघाड झाला की का झाला विचारा, उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही का विचारा, आणि खाली तळ लागेपर्यंत सोडू नका. खुसपट परत आली ती हे शस्त्र परजतच. मामा म्हणाला, आमच्या शेजारचं दोन वर्षांचं पोरही दिवसभर ‘का, का’ करतं, त्याला कोणी पगार देत नाही.

पण प्रशिक्षणानं ती बदलली हे खरं. खालच्या अंगाचे चरे तिनं सोडून दिले. ढीग ओसरला. शिक्केसाहेब निवृत्त झाले आणि निरोपाच्या भाषणात आपण कधी कोणाचं मन दुखवलं नाही असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, तेही खरंच होतं. त्यांची खुर्ची खुसपटला मिळाली. मामाचं आणि तिचं असं काही जमलं की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. घरच्या जेवणात मामा आईला सांगायचा, तुझी लेक माणसात आली. आणि खुसपटला, आता खोटं कशाला बोला, ते ऐकून बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर कोणी खूष होतं.

अशा गुलाबी दिवसांत मामानं नटचं काढलं. सीट कमोडला बसवायला खालून जे दोन नट लागतात ते धातूचे होते. त्याला ते प्लॅस्टिकचे करायचे होते. गंज नाही, वजन नाही, आपल्याच साच्यात होतात. खुसपटनं नियमाप्रमाणे चाचणी लावली. कारखान्यात एक यंत्र होतं. माणसाच्या वजनाची वाळूची पिशवी ते सीटवर सरळ खाली सोडी, उचली आणि पुन्हा सोडी. पिशवी दिवसचे दिवस सीटवर बसली-उठली आणि नट जागचे हलले नाहीत. खुसपटनं सही केली. मामानं तिच्या पाठीवर थाप मारली.

काही महिन्यांनी तक्रारी सुरू झाल्या. सीट हलते. सीट सरकते. खुसपटनं सगळ्यांना एकच उत्तर धाडलं, नट नीट घट्ट करा. यंत्रावर टिकलेले नट लोकांच्या घरी सैल होतात म्हणजे लोकच धांदरट. टकल्या सरांचं ‘का’ तिला तेव्हा आठवलं नाही. उत्तर सोयीचं असलं की प्रश्न आठवत नाहीत.

मग एक दिवस फोन आला तो थेट मालकाला. एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई सीटवरून घसरून पडल्या होत्या आणि त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त सांगितलं होतं की ही वस्तू ज्यांनी बनवली आणि ज्यांनी तपासली, त्या दोघांनी माझ्या घरी येऊन मला ती कशी वापरायची ते समजावून सांगावं. मालकानं दोघांना नवी सीट घेऊन पिटाळलं.

बाई एकट्या राहत होत्या. घर लख्ख, पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. त्यांनी दोघांना थेट न्हाणीघरात नेलं आणि स्वतः दारात स्टूल घेऊन बसल्या, तोंडी परीक्षा घ्यायला बसावं तशा. खुसपटनं वाकून नट तपासले. एक पार सैल, दुसरा सैल व्हायच्या बेतात. घट्ट कोणी केले होते असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या की मी स्वतः, तुमच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलंय तसे, आणि त्या कागदात शुद्धलेखनाच्या चुका आहेत.

खुसपटनं नट पुन्हा आवळले आणि मामाला बसायला सांगितलं. मामा कपड्यानिशी बसला, ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून, जसा लग्नाच्या फोटोत बसला होता तसा. सीट ढिम्म हलली नाही. त्याच्या चेहऱ्यावर विजयाची झळाळी आली.

‘घरी असेच बसता का?’ बाईंनी विचारलं.

असं कोणी मामाला आजवर विचारलं नव्हतं.

‘सरळ कोण बसतं?’ बाई म्हणाल्या. ‘माणूस चुळबुळतो. पेपर वाचतो, कंटाळतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो. माझा साबण त्या मागच्या फळीवर आहे. घ्या बघू.’

मामानं साबणासाठी मागे वळून हात लांबवला. वळताना त्याचा सगळा भार एका बाजूला गेला. साबण थोडा दूर होता म्हणून त्यानं अंगाला हिसका दिला, मग आणखी एक. काही झालं नाही. बाईंनी त्याला साबण ठेवून पुन्हा घ्यायला लावला. मग पुन्हा. बाईंच्या आवाजात असं काही होतं की मामासारखा माणूस मुकाट्यानं साबण ठेवत आणि घेत राहिला. आणि मग एकदा तो वळला तेव्हा सीटही त्याच्याबरोबर वळली. त्यानं टॉवेलची दांडी पकडली. दांडी भिंतीतून बाहेर आली. प्रॉडक्शनचा प्रमुख कमोड आणि भिंत यांच्या फटीत, मांडीवर टॉवेल आणि हातात साबण, असा जाऊन बसला.

‘अगदी बरोबर,’ बाई म्हणाल्या. ‘मी पण तिथेच होते.’

खुसपट एरवी हसून लोळली असती. तिनं मामाला हात दिला, पण डोळ्यांपुढे ती वाळूची पिशवी होती. पिशवी सरळ बसते, सरळ उठते. पिशवीला साबण लागत नाही, पेपर लागत नाही, पाठ खाजत नाही. आजवर तिनं नापास केलेल्या एकाही सीटनं कोणाला इजा केली नसती. केली ती तिनं सही करून पास केलेलीनं. येताना रिक्षात मामा एकच वाक्य बोलला, हे कारखान्यात कोणाला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, कारण खुसपटनं फिटरला नवं यंत्र करायला सांगितलं. वाळूच्या पिशवीला कंबर असल्यासारखी ती डावीकडे वळली पाहिजे, उजवीकडे झुकली पाहिजे, मधेच हिसका दिला पाहिजे. फिटरला हे कळेना, तेव्हा तिला मामाची हकीकत सांगावीच लागली. फिटरनं अतिशय मनापासून काम केलं. यंत्र तयार झालं आणि पिशवी अशी काही ठुमकायला लागली की कामगार चहाची सुट्टी तिथे घालवू लागले. त्यांनी त्याचं नाव ‘प्रॉडक्शनसाहेब’ ठेवलं. प्लॅस्टिकचे नट त्या यंत्रावर जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकले नाहीत.

आणि नेमका त्याच वेळी एका नव्या हॉस्पिटलचा सगळा माल खोक्यांत भरून दाराशी उभा होता. खुसपटनं तो अडवला.

मामा तरातरा आला. ‘सही तुझीच आहे,’ तो म्हणाला. कारखान्यात त्यानं तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं.

‘हो. म्हणून तर अडवतेय.’

‘वर काय सांगशील?’

‘चुकले म्हणून.’

मामानं तिला बाजूला घेऊन समजावलं. ट्रक जाऊ दे, पुढच्या लॉटपासून नट बदलू, कोणाला ताकास तूर लागणार नाही. ती ऐकेना. मग दोघं मालकापुढे उभी राहिली. खुसपटनं सगळं सांगितलं, पिशवीचं, साबणाचं, आपल्या सहीचं आणि आपण लोकांना धाडलेल्या त्या उद्धट उत्तरांचंही. मालकानं मामाकडे बघितलं. मामानं घसा साफ केला आणि म्हणाला, ‘मी प्रॉडक्शनचा माणूस. क्वालिटीनं पास केलं ते मी बनवलं.’

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी खुसपटला वाटलं, कोणीतरी आपल्याला फटीत ढकलून दांडीही काढून घेतली.

मालक खिडकीशी गेला. हॉस्पिटलचं उद्घाटन तोंडावर होतं. त्यानं विचारलं, अशा किती सीट सैल होतील, किती माणसं पडतील, काही अंदाज?

‘तो मला नाही सांगता येणार,’ खुसपट म्हणाली. ‘पण तिथे बसणारा प्रत्येक माणूस आधीच काहीतरी मोडून आलेला असेल.’

मालकानं एक अस्सल शिवी हासडली, ती कोणाला उद्देशून होती ते कळलं नाही, आणि माल थांबवला. त्याच दमात त्यानं खुसपटला प्रमुखपदावरून खाली उतरवून पुन्हा साधी इन्स्पेक्टर केलं. तिनं मान हलवली. तिला ते रास्त वाटलं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडायलाही आलं, दोन्ही एकदमच.

सुट्टीच्या दिवशी अर्धा कारखाना खोकी फोडून नट बदलायला बसला. धातूचे नट कुठून कुठून गोळा केले होते. खुसपट कोपऱ्यात मांडी घालून पाना चालवत होती, तेव्हा मामा घरच्या कपड्यांत आला, तिच्या शेजारी बसला आणि एक अक्षर न बोलता कामाला लागला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून एक भिंतभर खोकी संपवली. बोलणं मात्र नाही. हॉस्पिटलनं उशिराबद्दल चार शब्द सुनावले आणि माल घेतला. जुन्या तक्रारवाल्यांना खुसपटनं एकेकाला फोन करून माफी मागितली आणि नवे नट पाठवले. मुख्याध्यापिकाबाईंकडे टॉवेलची दांडी बसवायला ती स्वतः गेली.

घरी अबोला पुढे चालू राहिला. मामा जेवायला आला की आईमार्फत बोले. तिला म्हणावं मीठ दे. त्याला म्हणावं मीठ समोरच आहे. आईनं बरेच दिवस हे निरोप पोचवले आणि एक दिवस वाडगा आपटला. ‘तुमच्या त्या कमोडवरून माझ्या घरात भांडण नकोय,’ ती म्हणाली.

आईच्या तोंडून तो शब्द उभ्या हयातीत कोणी ऐकला नव्हता. आईलाही आपण काय बोलून बसलो ते उमगलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. पहिल्यांदा मामा फुटला. मग खुसपट. हसता हसता मामाला ठसका लागला आणि तो सावरल्यावर ताटाकडे बघत म्हणाला, ‘त्या दिवशी केबिनमध्ये मी शेपूट घातलं. नट मीच पुढे केले होते, ते बोलायला हवं होतं.’ खुसपट म्हणाली, हो, हवं होतं. तेवढ्यावर ते मिटलं. तिनं त्याला मीठ दिलं.

पुढे तिची खुर्ची तिला परत मिळाली, पण ते आपोआप नाही. त्यासाठी तिला मालकामागे वर्षभर हात धुऊन लागावं लागलं. मामाशी तिची रोज भांडणं होऊ लागली आणि ती भांडणं चांगली असत. कारण दोघांनाही आता कळलं होतं की कशावरून भांडायचं आणि कशावर वेळ घालवायचा नाही. नवा माल निघाला की मामा स्वतःच आधी तिच्याकडे घेऊन येई आणि वर म्हणे, काढ काय काढायचंय ते.

आणि मग एक दिवस विमानातल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. त्यांना सीटचा अनुभव असलेलं माणूस हवं होतं. कसल्या सीट हे त्यांनी नीट वाचलं नसावं, कारण ते कळल्यावर समोरच्या तिघांपैकी एकाला खोकला आला. खुसपटनं त्याचा खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली. त्यांनी विचारलं की तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती. तिनं नटची गोष्ट सांगितली, साबणासकट. खोकणारा माणूस खोकायचा थांबला आणि पुढे सरकून बसला.

चौकशीसाठी त्यांनी मामाला फोन केला. ती त्याची भाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मामानंही ते सांगितलं नाही. तो म्हणाला, ‘ही बाई तुमच्या प्रॉडक्शनवाल्यांचं जिणं हराम करील. तुमच्या विमानात मला बसायचं असेल तर मी तिला घेईन.’ मग फोन ठेवून तो बराच वेळ यंत्रांच्या मधून विनाकारण फिरत राहिला आणि दिसेल त्याच्यावर खेकसला.

ती गेल्यावर तिच्या जागेसाठी माणूस बघायचं काम मालकानं मामावरच टाकलं. उमेदवार आले, हुशार, गोडबोले, मामाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. मामानं सगळ्यांना परत पाठवलं. शेवटी त्यानं एक किरकोळ, बारक्या आवाजाचा गृहस्थ घेतला, कारण मुलाखतीतच त्यानं मामाच्या खुर्चीचा एक पाय आखूड असल्याचं दाखवून दिलं. या गृहस्थानं पहिल्याच आठवड्यात मामाचा आख्खा लॉट अडवला.

मामानं खुसपटला फोन लावला आणि त्या माणसाचा जो उद्धार सुरू केला तो थांबेचना. ती नव्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर बसली होती. फोन कानाला लावून ती डबा खात राहिली, मधे मधे हं म्हणत. मामा धापा टाकत थांबला तेव्हा तिनं विचारलं, लॉट का अडवला त्यानं?

मामा म्हणाला की थांब, त्यालाच विचारून येतो, आणि फोन तसाच चालू ठेवून यंत्रांच्या आवाजातून चालत निघाला.